बाईसाहेबांचा उसासा

"रुग्णवाहिका सांगू का?" सर्जनने विचारलं.

"मी प्रेत नाही," अण्णा म्हणाले.

"मग टॅक्सी?"

"मी पाहुणाही नाही. माझी गाडी आहे. मी माझ्या गाडीतून घरी जाणार."

अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन नवा गुडघा बसला होता, टाके निघाले होते, आणि दुपारी त्यांना घरी सोडायचं होतं. सर्जनने मान डोलावली. अण्णा निवृत्त न्यायाधीश होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांच्यासमोर माणसं अजून मान डोलावत. घरात भाजीत मीठ जास्त पडलं तरी अण्णा आधी दोन्ही बाजू ऐकून घेत आणि मगच ताट बाजूला सारत.

गाडी काळी होती. लांब नाक, गोल डोळे, आणि दारं अशी जड की लावल्यावर बँकेची तिजोरी बंद झाल्यासारखं वाटे. अण्णांनी ती तरुणपणी घेतली तेव्हाही ती जुनीच होती. घरात तिला सगळे 'बाईसाहेब' म्हणत. "बाईसाहेब आज बाहेर जाणार आहेत," असं अण्णा सकाळी म्हणाले की आई, म्हणजे अण्णांची पत्नी, मुकाट्याने एक जाड उशी आणि पाण्याची बाटली काढून ठेवत.

अण्णा हॉस्पिटलात असेपर्यंत बाईसाहेबांची जबाबदारी धाकट्या जावयावर आली होती. धाकटे जावई दंतवैद्य. त्यांचं घर आणि दवाखाना दोन्ही अण्णांच्या मागच्याच गल्लीत. ऑपरेशनला जाण्याआधी, स्ट्रेचरवर आडवे असतानाच, अण्णांनी त्यांना सूचना दिल्या होत्या.

"एक दिवसाआड चालू करा. थोडा वेळ राहू द्या. बंद करा. बाहेर काढू नका. कशाला हात लावू नका. आत बसायचीसुद्धा गरज नाही, खिडकीतून हात घालून किल्ली फिरवता येते."

दंतवैद्यांनी पहिला आठवडा अगदी तसंच केलं. पण दुसऱ्या आठवड्यात त्यांना बंपरवर डाग दिसला. डाग दिसल्यावर दंतवैद्याला राहवत नाही. त्यांनी दवाखान्यातून दात चमकवायची पेस्ट आणि फिरता ब्रश आणला. बंपर उजळला. मग त्याच्या शेजारचे दिवे मळकट वाटू लागले, दिव्यांनंतर दारांच्या मुठी. रोज संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला की ते गॅरेजात जाऊन बसत आणि एकेक भाग हातात घेऊन निरखत. दिसेल त्या खोटीवर ते जागच्या जागी इलाज करत. सासऱ्यांनी आयुष्यात एकदाही 'वा' म्हटलं नव्हतं, अगदी त्यांची दाढ न दुखवता काढली तेव्हाही. आता घरी जायला गाडी समोर येईल, अण्णा बघतील आणि म्हणतील, या आशेवर दंतवैद्यांची पाठ रोज दुखून येत होती.

त्या सकाळी हॉस्पिटलात निघता निघता त्यांची बायको म्हणाली, "अहो, इतके दिवस ती नुसती गॅरेजात घरघर करतेय. एक चक्कर मारून बघा. दुपारी अण्णांना घेऊन निघालो आणि रस्त्यात रुसली तर?"

"रुसेल कशाला? कशी चमकतेय बघ."

"चमकणाऱ्याच जास्त रुसतात," बायको म्हणाली आणि रिक्षात बसली.

दंतवैद्यांनी गाडी बाहेर काढली. बाईसाहेब गल्लीतून डौलात निघाल्या. लोक वळून बघत होते. रद्दीवाल्याने सलाम केला. दंतवैद्यांनी खिडकीत कोपर टेकवलं, भाजीबाजार ओलांडला, आणि बरोब्बर मोठ्या चौकाच्या मध्यावर बाईसाहेबांनी एक आचका दिला, दुसरा दिला आणि त्या गप्प झाल्या.

मागून बस होती. बसच्या मागे टेम्पो. सगळ्यांनी एकदम हॉर्न वाजवायला सुरुवात केली. दंतवैद्यांनी किल्ली फिरवली. गाडी कण्हली, पण उठली नाही. दंतवैद्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ट्रॅफिकचा पोलीस आला, त्याने गाडीकडे आधी कौतुकाने आणि मग ड्रायव्हरकडे रागाने पाहिलं, आणि चार जणांनी मिळून बाईसाहेबांना फुटपाथच्या कडेला लावलं.

दंतवैद्यांनी साडूंना फोन केला.

साडू म्हणजे अण्णांचे थोरले जावई. ते हवामान खात्यात अधिकारी होते. कोणत्याही विषयावर त्यांचं मत तयार असे आणि ते खरं ठरलं नाही तरी ते डगमगत नसत. खात्याची सवयच होती ती. स्कूटर घेऊन ते लगेच आले, कारण अण्णांची गाडी दुसऱ्याच्या हातून बंद पडणं ही संधी पुन्हा पुन्हा येत नाही.

"तू बाहेर काढलीसच कशाला?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"चक्कर मारायला."

"आणि आता ती काय करतेय?"

"साडूभाऊ, टोमणे नंतर मारा. दुपारी अण्णांना आणायचंय."

साडू गंभीर झाले. बाईसाहेबांच्या पेट्रोलचा काटा फार पूर्वीच मेला होता, म्हणून ते मागे गेले, टाकीचं झाकण फिरवून उघडलं, आत डोकावले, वास घेतला, झाकण पुन्हा गच्च लावलं. "पेट्रोल भरपूर आहे." मग बॉनेट उचललं, इंजिनावर हात धरला आणि चटका बसल्यावर काढून घेतला.

"कळलं! वाफ."

"कसली वाफ?"

"पेट्रोलची. उकाडा बघ किती आहे. पंपात पोचायच्या आधीच पेट्रोलची वाफ होते. वाफ ओढून इंजिन चालेल का? पंप थंड करायला पाहिजे. फडकं आण, पाणी आण."

गाडीतली पाण्याची बाटली ओतून फडकं ओलं केलं आणि पंपाला गुंडाळलं. साडूंनी दंतवैद्यांना किल्ली फिरवायची खूण केली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली!

"बघितलंस?" साडू म्हणाले. "निदान महत्त्वाचं. तुम्ही दातवाले काय, दुखतंय म्हटलं की उपटता."

दंतवैद्यांनी तो अपमान गोड मानून गिळला. बाईसाहेब पुढे आणि साडूंची स्कूटर मागे, अशी ही वरात बाजार मागे टाकून, शाळेवरून, पाण्याच्या टाकीपर्यंत आली. तिथे चढावर आचका आला. मग दुसरा. बाईसाहेब पुन्हा गप्प.

"फडकं वाळलं असणार," साडू म्हणाले. त्यांनी सवयीने आधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघितलं, लावलं, आणि मग बाटली शोधली. बाटली रिकामी होती. समोर पाण्याची एवढी थोरली टाकी उभी, पण तिला तळाशी नळ नव्हता. साडूंनी बाटली उलटी करून झटकली.

"नुसती फिरवून तरी बघ किल्ली."

गाडी सुरू झाली.

"पाणी न घालता?" दंतवैद्य म्हणाले.

"वारा सुटलाय," साडू म्हणाले. "चढावर असतो." झाडाचं पानही हलत नव्हतं. पण साडू हवामान खात्यातले, वाद कोण घालणार?

इतक्यात फोन वाजला. दंतवैद्यांची बायको हॉस्पिटलातून कुजबुजत होती. "अहो, कागदपत्रं लवकर झाली. अण्णा बूट घालून बसलेत. खिडकीतून रस्ता बघतायत. कुठपर्यंत आलात?"

"निघालोच."

"तो मागे हॉर्न कुणाचा वाजतोय?"

"लोकांचा," दंतवैद्य म्हणाले आणि फोन ठेवला. नवा गुडघा बसवलेले, बूट घातलेले आणि रस्ता बघणारे अण्णा त्यांच्या डोळ्यांसमोर दिसू लागले.

"आता मेकॅनिकला दाखवायचंच," ते म्हणाले. "मी धोका पत्करणार नाही."

पाण्याच्या टाकीच्या पलीकडे एका टिनाच्या शेडमध्ये जुन्या गाड्यांची कामं करणारा एक मेकॅनिक होता. सगळे त्याला 'उस्ताद' म्हणत, आणि त्यातही तो स्वतः सगळ्यात आधी. बाईसाहेब त्याच्या शेडच्या दारात पोचल्या आणि दारातच बंद पडल्या. दंतवैद्यांनी मनातल्या मनात हात जोडले. आजारी माणसाने निदान वैद्याच्या पायरीवर तरी लक्षण दाखवावं.

उस्तादने पंपाभोवतीचं फडकं दोन बोटांनी उचललं. "हे कुणाचं लंगोट?"

"वाफ होऊ नये म्हणून," साडू म्हणाले.

"साहेब, तुम्ही बाजूला बसा. ही जुनी बाई आहे, तिला वाफ देऊ नका, विश्रांती द्या." उस्तादने प्लग काढले, बघितले, पुसले. डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं, आत डोळा लावला, आणि समाधानाने मान हलवली. "पॉइंट गेलेत. ठिणगीच पडत नाही, तर गाडी कशी पळेल?" त्याने पॉलिश पेपरने पॉइंट घासले, टोपण लावलं, डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवला, आणि कार्बोरेटरचा स्क्रू आवळून आयडलिंग चांगलं चढवून ठेवलं, म्हणजे गाडी उभ्या उभ्या बंद पडायला नको. साडूंना रिकामं बसवत नव्हतं. ते मागे जाऊन पुन्हा टाकीत डोकावून आले.

"फुस्स आवाज कसला आला?" उस्तादने बॉनेटखालून विचारलं.

"झाकण उघडलं मी."

"जुन्या गाड्या उसासे टाकतात," उस्ताद म्हणाला. "मारा स्टार्टर."

गाडी गर्जना करून सुरू झाली. उस्तादने हात पुसले. "आता बंद पडली तर नाव बदलेन."

"तरीपण तुम्ही सोबत चला," दंतवैद्य काकुळतीने म्हणाले. "माझे सासरे न्यायाधीश होते."

उस्तादच्या चेहऱ्यावरच्या आत्मविश्वासावरून एक ढगाळ सावली सरकून गेली. "कुठल्या कोर्टात?"

"इथल्याच."

"मग मी या साहेबांची स्कूटर घेऊन मागून येतो. थोडं अंतर ठेवून."

हॉस्पिटल जवळच होतं. बाईसाहेब पोर्चमध्ये उभ्या राहिल्या तेव्हा इंजिन वाघासारखं गुरगुरत होतं. दंतवैद्यांनी ते बंदच केलं नाही, न जाणो. अण्णा वॉकर टेकत बाहेर आले. सोबत आई आणि धाकटी लेक. अण्णा थांबले. त्यांनी बंपरकडे पाहिलं, दिव्यांकडे पाहिलं, दारांच्या मुठींकडे पाहिलं. दंतवैद्यांनी श्वास रोखला.

"आवाज मोठा येतोय," अण्णा म्हणाले आणि पुढच्या सीटवर बसले.

पाय लांब करता यावा म्हणून पुढची सीट पार मागे सारली. मागच्या सीटवर आई, लेक आणि साडू असे तिघं उरलेल्या जागेत बसले. म्हणजे आई बसल्या आणि बाकीचे दोघे मावले. गाडी निघाली. दंतवैद्यांची नजर रस्त्यावर होती आणि कान बॉनेटमध्ये. मागे साडूंनी मांडीवर पाण्याची भरलेली बाटली आणि फडकं अगदी तयार ठेवलं होतं.

"तुम्हाला घाम का येतोय?" अण्णांनी दंतवैद्यांना विचारलं.

"उकाडा आहे."

"आणि तुम्ही फडकं का धरलंय?" त्यांनी मागे न बघता साडूंना विचारलं. आरशातून सगळं दिसत होतं.

"उकाडाच," साडू म्हणाले. "खात्याचा अंदाज आहे तसा."

पुलावरून गाडी नीट गेली. पोस्टावरून नीट गेली. दंतवैद्यांच्या खांद्यांमधला ताण किंचित सैल झाला. कोर्टाची जुनी इमारत दिसू लागली, ते रुंद फाटक, बाहेर टायपिंगवाल्यांची टेबलं, काळ्या कोटांची गर्दी. अण्णांनी नकळत टाय सारखा केला. इतक्या वर्षांत ते फाटकासमोरून गाडीत बसून गेले नव्हते असं नाही. पण आज ते गाडी चालवत नव्हते, ड्रायव्हरच्या शेजारी, फाटकाच्या बाजूला बसले होते, आणि लोकांना खिडकीतून नीट दिसणार होते.

फाटकासमोर आचका आला.

दंतवैद्यांनी पाय दाबला, उचलला, चोक ओढला, देवाचं नाव घेतलं. दुसरा आचका. बाईसाहेब फाटकाच्या अगदी मधोमध थांबल्या. आतून येणारी एक गाडी आणि बाहेरून आत जाणारी दुसरी, दोन्ही अडकल्या.

दंतवैद्य मागे वळले.

"आई, पाणी पिणार?" दंतवैद्य उत्साहाने म्हणाले. "म्हटलं जरा थांबू या."

"कोर्टाच्या फाटकात?" आई म्हणाल्या.

"मला नको पाणी," अण्णा म्हणाले. "किल्ली फिरवा."

किल्ली फिरवली. बाईसाहेब कण्हल्या. बाहेर काळे कोट गोळा होऊ लागले. कुणीतरी खिडकीत वाकून म्हणालं, "अरे, साहेब!" मग एक पांढऱ्या मिशांचे वकील पुढे आले, ज्यांचे बरेच अर्ज अण्णांनी आपल्या काळात फेटाळले होते. त्यांनी बंद गाडीकडे बघून अत्यंत नम्रपणे विचारलं, "साहेब, पुढची तारीख घ्यायची का?"

अण्णांचे कान लाल झाले. साडू आधीच खाली उतरले होते. एवढ्यात उस्तादही पोचला आणि बॉनेट उचलू लागला. साडू फडकं पिळत होते. "वाफ," ते म्हणत होते. "पॉइंट," उस्ताद म्हणत होता. दंतवैद्य दोघांच्या मध्ये उभे राहून दोघांनाही हो म्हणत होते. मागे अडकलेल्या गाडीचा हॉर्न थांबत नव्हता.

"थांबा!"

आवाज मोठा नव्हता. पण हॉर्नसुद्धा थांबला. अण्णांनी खिडकीची काच पूर्ण खाली केली होती.

"सगळे इकडे या. माझ्यासमोर उभे राहा. एकाच वेळी बोलायचं नाही. ही गाडी आज किती वेळा बंद पडली?"

लपवण्यात अर्थ नव्हता. चौक, चढ, शेडचं दार. सगळं बाहेर आलं. दंतवैद्यांनी परवानगीशिवाय चक्कर मारल्याचंही कबूल केलं. अण्णांनी डोळे मिटून घेतले, ते रागाने नव्हे. दंतवैद्यांच्या बायकोला ठाऊक होतं, वडील असे डोळे मिटतात तेव्हा ते ऐकत असतात.

"पहिल्यांदा बंद पडली. काय केलंत?"

"फडकं ओलं केलं," साडू म्हणाले. "चालू झाली. त्यावरून सिद्ध होतं की—"

"काय सिद्ध होतं ते मी ठरवीन. दुसऱ्यांदा?"

"पाणी संपलं होतं."

"म्हणजे फडकं कोरडं. आणि गाडी?"

"चालू झाली," साडू हळूच म्हणाले.

"म्हणजे वाफ नाही. तिसऱ्यांदा?"

"मी पॉइंट घासले साहेब," उस्ताद पुढे आला. "एकदम चालू!"

"आणि आता पॉइंट घासलेलेच आहेत, तरी बंद. म्हणजे पॉइंटही नाहीत." उस्तादने नाव बदलायचं वचन आठवून खाली बघितलं. "म्हणजे तुम्ही ज्याला कारण म्हणताय ते कारण नव्हे. तिन्ही वेळी सारखी घडलेली एखादी गोष्ट आहे. ती कोणती?"

पांढऱ्या मिशांचे वकीलही नकळत हात मागे बांधून उभे राहिले होते. दंतवैद्य आठवत होते, साडू आठवत होते.

"तिन्ही वेळी मी होतो," साडू म्हणाले.

"ते दुर्दैव झालं. तुम्ही केलंत काय?"

"काही नाही अण्णा. म्हणजे, आधी पेट्रोल बघितलं. दर वेळी. टाकीचं झाकण उघडून."

"आत्ता बघितलंत?"

"आत्ता... आत्ता नाही. आत्ता लोक होते."

अण्णांनी डोळे उघडले. "झाकण उघडताना काही ऐकू आलं होतं?"

"फुस्स असं," उस्ताद मध्येच बोलला. "मी म्हणालो यांना, जुन्या गाड्या उसासे टाकतात."

"बाईसाहेब उसासे टाकत नाहीत. जा, झाकण उघडा. सगळ्यांनी कान द्या."

साडू मागे गेले. कोर्टाच्या फाटकासमोर, वकिलांच्या, टायपिंगवाल्यांच्या आणि दोन अडकलेल्या गाड्यांच्या साक्षीने झाकण फिरलं, आणि टाकीने असा लांब, खोल श्वास आत ओढून घेतला की आईंनी गाडीत बसल्या बसल्या स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"तुमचं खातं कोणतं?" अण्णांनी साडूंना विचारलं.

"हवामान."

"हवेचा दाब तुमच्याच खात्यात येतो ना?"

साडूंनी झाकण अण्णांच्या हातात दिलं आणि ते गर्दीत मिसळायचा प्रयत्न करू लागले. अण्णांनी झाकण उजेडाकडे धरलं. ते आरशासारखं लखलखत होतं. त्यात अण्णांचा चेहरा दिसत होता, आणि तो चेहरा काहीतरी शोधत होता.

"पेट्रोल खाली गेलं की त्याच्या जागी हवा आत जावी लागते," ते म्हणाले. "नाहीतर टाकी पेट्रोल सोडत नाही. त्यासाठी या झाकणाला मध्यभागी एक बारीक भोक असतं. होतं. मी स्वतः बघितलंय. ते कुठे गेलं?"

कुणाला काही कळेना. कळलं फक्त एकाच माणसाला, आणि त्याच्या पाचावर धारण बसली. दंतवैद्य बुटांच्या टोकाकडे बघत म्हणाले, "भरलं."

"काय केलंत?"

"मला वाटलं, गंजून भोक पडलंय. म्हणजे कीड. मी ते आधी साफ केलं, कोरडं केलं, मग दाढेत भरतो ते सिमेंट भरलं, आणि निळा दिवा धरून पक्कं केलं. वरून पॉलिश केलं. दिसत नाही ना?"

"नाही," अण्णा म्हणाले. "काम उत्तम आहे."

आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते कौतुक असं, या जागी, या कामासाठी पदरात पडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे दंतवैद्यांना कळत होतं. तरी ऐकताना बरं वाटलं ते वाटलंच.

"हे सकाळपासून कुणाला सांगितलं का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही. आणि खरं सांगू का अण्णा, अख्ख्या गाडीत ते एकच काम नीट झालंय असं मला वाटत होतं."

गर्दीतून हसण्याची एक लाट उठली. पांढऱ्या मिशांचे वकील मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "साहेब, आमच्या वेळी असं उलगडून सांगितलं असतंत तर आम्ही अपील केलं नसतं."

"ते भोक आता मोकळं करा," अण्णा म्हणाले.

उस्तादने खिशातून टोच्या काढला आणि जोर लावला. टोच्या वाकला. त्याने दुसरा काढला.

"निघणार नाही," दंतवैद्य ओशाळून, पण किंचित ताठ मानेने म्हणाले. "माझं फिलिंग कधी निघत नाही. दवाखान्यात मशीनने काढावं लागेल."

"मग तोवर झाकण नुसतं टेकवा. आवळू नका," अण्णा म्हणाले. "आणि फाटक मोकळं करा. लोकांची कामं खोळंबलीत."

झाकण टेकवलं. किल्ली फिरवली. बाईसाहेब सुरू झाल्या. फाटकात टाळ्या वाजल्या. अण्णांनी काच वर केली आणि गाडी निघाली. वळणं आली, सिग्नल आले, एक मोठा चढ आला. ना आचका, ना कण्हणं. गाडी उलट सकाळपेक्षा जास्तच जोरात धावत होती. आईंना तर थोडी झोपही लागली. साडू मागे बसून हवेच्या दाबावर काहीतरी बोलायचं ठरवत होते आणि आरशात अण्णांचे डोळे दिसले की रहित करत होते.

घराच्या अंगणात गाडी येऊन थांबली. दंतवैद्यांनी हँडब्रेक ओढला आणि इतका मोठा सुटकेचा श्वास सोडला की काचेवर वाफ धरली. सगळं पार पडलं होतं. अण्णा घरी आले होते, स्वतःच्या गाडीतून. आता फक्त उतरायचं होतं. त्यांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली, किल्ली काढली आणि अण्णांच्या हातात दिली.

गाडी बंद झाली नाही.

खड-खड, खड-खड, अंगात आल्यासारख्या बाईसाहेब हलत राहिल्या. दंतवैद्यांनी किल्लीच्या जागी बघितलं. जागा रिकामी होती. अण्णांनी हातातल्या किल्लीकडे बघितलं. किल्ली तिथे होती. बॉनेट थरथरत होतं, दारं खुळखुळत होती, मागे आई जाग्या होऊन विचारत होत्या, "अजून पोचलो नाही का?"

"उतरा," अण्णा म्हणाले. "आधी सगळे उतरा."

अण्णांना धरून उतरवलं. वॉकर दिला. सगळे अंगणात गाडीभोवती उभे राहिले. मागून आलेल्या उस्तादने स्कूटरवरूनच चेहरा पाडला.

"साहेब, मी आयडलिंग जरा जास्तच चढवलं. बंद पडू नये म्हणून. आणि डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगीची वेळही थोडी पुढे घेतली होती. इंजिन तापलंय, तर ते ठिणगीशिवाय आपलं आपणच... थांबा, गिअरमध्ये टाकून एक झटका देतो."

"खबरदार!" अण्णा म्हणाले. "आज तिला आणखी कुणी हात लावायचा नाही."

"मी फडकं ओलं करून—" साडूंनी सुरुवात केली.

"तुम्हीसुद्धा नाही."

बाईसाहेब खडखडत राहिल्या. अण्णा वॉकरवर रेलून बराच वेळ त्या किल्लीशिवाय चालणाऱ्या गाडीकडे बघत होते. मग त्यांच्या मिशीच्या एका टोकाला काहीतरी झालं. लेकीने ते आधी ओळखलं आणि तोंडावर पदर धरला.

"जावईबापू," अण्णा म्हणाले आणि त्यांनी किल्ली दंतवैद्यांच्या तळहातावर ठेवली. "ही आता तुमच्याकडेच राहू द्या. माझा गुडघा काही लवकर क्लच दाबू देणार नाही. आणि किल्लीचा तसाही फारसा उपयोग असेल असं दिसत नाही."

दंतवैद्यांनी किल्ली मुठीत धरली. "पण अण्णा, मी—"

एवढ्यात बाईसाहेबांनी एक शेवटचा दणका दिला, मागून काळ्या धुराचा गोळा सोडला आणि त्या आपल्या मर्जीने शांत झाल्या. अंगणात एकदम इतकी शांतता पसरली की तापलेल्या लोखंडाची टिकटिक ऐकू येऊ लागली.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आता ती पुन्हा चालू होते का, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात होता. पण अण्णा, आई, लेक, साडू, उस्ताद आणि किल्ली हातात असलेले दंतवैद्य, सगळे पाय न वाजवता घरात गेले, आणि दार हळूच लोटून घेतलं.